गाडी माघारी फिरत नाही

कमरुद्दीन चाचांच्या गाडीत पहिल्यांदा बसले तेव्हा मला वाटलं, या माणसाच्या डोक्यावर परिणाम झालेला आहे. मागे स्ट्रेचरवर एक म्हातारी बेशुद्ध पडलेली, मी तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क धरून बसलेली, आणि हे गृहस्थ पुढून मोठमोठ्यानं सांगतायत, "मावशी, पांढरीचा पूल आला बरं का. आता घाट लागंल. घाट झाला की जेऊर. भ्यायचं न्हाई." म्हातारीला ना पूल कळत होता ना घाट. मी दोनदा खाकरले. तिसऱ्यांदा सरळच म्हणाले, "चाचा, त्या बेशुद्ध आहेत." तर आरशातून माझ्याकडे बघून म्हणाले, "व्हय ताई, म्हनून तर सांगतोय. ज्याला दिसतंय त्याला कशाला सांगू?"

बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही, आणि स्टेअरिंग तर त्यांच्याच हातात होतं.

मी जया. आयुर्वेदाची डिग्री घेतलेली डॉक्टर, आणि तीन वर्षांपासून एकशे आठच्या रुग्णवाहिकेवर नोकरी करते. आधीच सांगून टाकते, मी भित्री आहे. लोकांना वाटतं, अपघातात चेंदामेंदा झालेली माणसं रोज उचलणारी ही बाई वाघीण असणार. कसली वाघीण! फोन वाजला की मी देवाचं नाव घ्यायला लागते ती पेशंट दवाखान्यात उतरवेपर्यंत थांबत नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तसं माझं आहे, फक्त माझा राक्षस सायरन वाजवत येतो. मला मरणाची भीती वाटत नाही, माझ्या हातून चुकण्याची वाटते. आणि हे मी लिहितेय ते कमरुद्दीन शेख या ड्रायव्हरबद्दल, कारण माझी आतापर्यंतची सगळ्यात मोठी चूक त्यांच्यासमोर झाली.

चाचा पंचावन्नचे. केडगावात दोन खोल्यांचं घर, घरात बायको आणि ऐंशी पार केलेली आई मुबारकबी. उंच, किडकिडीत माणूस, दाढी मेंदीनं लाल, आणि डबा उघडला की पहिली भाकरी माझ्यासमोर. कंपनीच्या कागदावर ड्रायव्हरला पायलट म्हणतात. त्यावरून मी त्यांना छळायची, "पायलट, आज विमान फार आपटतंय." ते म्हणायचे, "आपटनारच. रनवे सरकारनं केलाय."

नऊ वर्षं रुग्णवाहिकेवर काढल्यामुळे त्यांची नजर भलती तयार झाली होती. छातीत दुखतंय म्हणणाऱ्या माणसाला घरच्यांनी सोडा पाजून 'गॅस आहे' म्हणून बसवलेलं असायचं. चाचा त्याच्या कपाळावरचा घाम बघायचे आणि त्याला एक पाऊल चालू द्यायचे नाहीत, खुर्चीसकट उचलून आणायचे. फीट आलेल्या माणसाच्या नाकाला कुणी चप्पल लावली की ओरडायचे, "आरं चप्पल पायात घाल! त्याला कुशीवर वळीव!" एकदा एका लग्नात दारू प्यायलाय म्हणून मांडवामागे टाकून दिलेल्या पाहुण्याचं तोंड त्यांनी हुंगलं आणि मला हाक मारली, "ताई, वास न्हाई. साखर बघा." साखर पार उतरली होती. मी सलाईनमधून साखर दिली आणि दहा मिनिटांत पाहुणा उठून जेवायला कुठं बसायचं ते विचारायला लागला. एवढं सगळं कौतुकाचं. पण डॉक्टर मी होते, आणि ड्रायव्हरनं डॉक्टरला शिकवलेलं मला आवडायचं नाही. खोटं कशाला बोलू.

त्यांचे काही हट्ट होते. गाडीत कुणी रडायचं नाही. 'बॉडी' हा शब्द काढायचा नाही. आणि एकदा पेशंट आत घेतला की गाडी दवाखान्यातच जाणार, नातेवाईक कितीही म्हणोत. "गाडी माघारी फिरत न्हाई," एवढंच म्हणायचे. शिवाय एक विचित्र गोष्ट माझ्या लक्षात आलेली होती. रस्ताभर अखंड बोलणारा हा माणूस इमामपूरच्या घाटातल्या एका वळणावर गप्प व्हायचा. वळण संपलं की पुन्हा सुरू. मला वाटायचं, तिथं कधी अपघात पाहिला असेल. मी विचारलं नाही.

तर ती सकाळ. शनि अमावास्या होती. शनिवारी अमावास्या आली की शिंगणापूरच्या रस्त्याला मुंगीला जागा राहत नाही. आदल्या दिवसापासून गाड्या येत होत्या. चाचा सकाळी म्हणाले, "आज कुनी आजारी पडू नये बघा." मी म्हणाले, "काढलंत ना तोंडातून? आता पडणार." सव्वासातला फोन वाजला. ऊसतोड कामगार, पोटात दुखतंय, उलटी.

शिंगणापूरच्या पलीकडे उसाच्या पट्ट्यात ओढ्याकाठी टोळीचा तळ पडलेला होता. बांबूवर उसाची वाढं, म्हणजे शेंड्याचा पाला, टाकून केलेल्या पंधरा-वीस कोप्या. एका ट्रॉलीच्या चाकाला टेकून अमृत बसला होता. पाथर्डीकडचा, चोवीस वर्षांचा, दंडावर कोयत्याच्या कामानं आलेला पीळ. शेजारी त्याचा बाप कारभारी, आणि बायको दिपाली, कडेवर मूल घेऊन. समोर टोळीचा मुकादम काकासाहेब उभा. तो मला बघताच म्हणाला, "म्याडम, कशाला हेलपाटा घेतला? रातची उतरली न्हाई त्याची. फडात जायचं जिवावर आलंय, दुसरं काय."

मी नाडी बघितली, बीपी बघितलं, पोट दाबून बघितलं. सगळं ठीक. पोट मऊ होतं. अमृतचे डोळे अर्धे मिटलेले होते, बोलणं जडजड. मनात म्हटलं, एक तर दारू, नाही तर शिळं अन्न. पित्ताचं इंजेक्शन भरायला घेतलं.

चाचा स्ट्रेचर घेऊन आले होते आणि ते खाली न ठेवताच अमृतकडे बघत उभे होते.

"ताई, त्याचं डोळं बघा."

"झोप झाली नसेल, चाचा. ही माणसं पहाटे तीनला उठतात."

"झोप आलेला मानूस मान खाली टाकतो. ह्यो मान वर करून बघतोय."

मी बघितलं. खरंच, अमृत हनुवटी वर करून, पापण्यांच्या फटीतून आमच्याकडे बघत होता. पापण्या उचलत नव्हत्या म्हणून तो डोकं उचलत होता. माझ्या हातातली सिरिंज तशीच राहिली.

चाचांनी स्ट्रेचर टाकलं आणि त्याच्यासमोर उकिडवे बसले. "पैलवान, मान तशीच ठिव. आभाळाकडं बघ. नुसतं डोळ्यानं." पापण्या हलल्या नाहीत. "जीभ काढ." जीभ ओठापर्यंत आली आणि थांबली. चाचा दिपालीकडे वळले, "पोरी, च्या घेतला का त्यानं?"

"घेतला की. पर नाकातून भाइर आला," ती म्हणाली. "मला वाटलं, ठसका लागला."

"रातच्याला कुठं झोपला हुता?"

"खालीच. पहाटं म्हनले, कायतरी टोचल्यागत झालं. म्या म्हनलं, मुंगी आसंल."

चाचा माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "मन्यार."

मण्यार म्हणजे जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरणारा साप. दात सुईपेक्षा बारीक, दुखणं जवळजवळ नाही, सूज नाही, रक्त नाही. सकाळी पोटात दुखतं, मग पापण्या पडतात, मग गिळता येत नाही, मग श्वास घेणारे स्नायू एकेक करून बंद पडतात. हे सगळं मी परीक्षेत लिहिलेलं होतं, पैकीच्या पैकी मार्कही मिळाले होते. आणि समोर जिवंत माणूस बसला होता तर मी पित्ताचं इंजेक्शन भरत होते.

काकासाहेब हसला. "साप? आवो साप चावला तर सुजंल, रगत येईल. दात कुठंय दाखवा की." टोळीतल्या कुणीतरी तेवढ्यात लिंबाचा पाला आणि मिरची आणली. चावून कडू-तिखट लागलं नाही तर विष चढलं, असं समजतात. चाचांनी तो हात बाजूला सारला. "थुकी गिळता येईना त्याला, मिरची कुठं घालता? नरड्यात अडकून आत्ताच मरंल." मग अमृतला म्हणाले, "एका दमात आकडं मोज. मधी श्वास घ्यायचा न्हाई."

अमृत चौदापर्यंत गेला.

आम्ही त्याला चालू दिलं नाही, आडवा करूनच उचलला, लाळ घशात जाऊ नये म्हणून कुशीवर. मूल लहान म्हणून दिपाली मागे राहिली, कारभारी गाडीत चढला. गाडीच्या दारापर्यंत धावत आली आणि मला म्हणाली, "ताई, पोटातच दुखतंय ना नुसतं?" मी हो म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही.

वाटेतल्या आरोग्य केंद्रात सापाच्या विषावरच्या लशीच्या दहा कुप्या सलाईनमध्ये घातल्या आणि हाताला लावल्या. नगरला फोन केला, व्हेंटिलेटर तयार ठेवायला सांगितलं. गाडी पुन्हा निघाली तेव्हा अमृत नऊपर्यंत मोजू शकला. शिंगणापूरच्या गर्दीत शिरलो तेव्हा सहा. मला ते आकडे अजून झोपेत ऐकू येतात. दर पाच मिनिटांनी मी म्हणायची, मोज, आणि तो माझ्याकडे त्या फटीतून बघत मोजायचा, आणि आकडा कमी व्हायचा. त्यालाही कळत होतं. एका वेळी त्यानं माझी बोटं घट्ट धरली, आणि मग ती पकड माझ्या हातातच सैल होत गेली.

पुढून चाचा बोलत होते, "पैलवान, ही तेलाची दुकानं संपली. आता घोडेगाव. लस चालू हाय. तुझा बाप हितंच हाय."

घोडेगावच्या चौकाअलीकडे गाडी थांबली. पुढे बस, मागे बस, दोन्ही बाजूंना मोटारसायकली, सायरन नुसता कोकलत होता. चाचांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडायला सुरुवात केली. मी अमृतला म्हणाले, मोज. ओठ हलले. एक. दोन आलाच नाही.

छाती थांबली.

मी डोळ्यांत बॅटरी मारली. बाहुल्या मोठ्या, तशाच, दगडासारख्या. नख दाबलं, हालचाल नाही. बोटाला लावलेल्या यंत्रावर रेषा, आकडा गायब. मनगटाला नाडी शोधली, मला फक्त माझीच धडधड लागत होती. आणि मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, गाडीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. "संपलं, चाचा."

कारभारी माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

मधल्या खिडकीतून चाचांचा चेहरा दिसला. तो चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता. "डोळ्यावर जाऊ नका! मन्यारीत डोळं असंच व्हत्यात! गळ्याला हात लावा!"

मी गळ्याला बोटं लावली. काही नाही. थोडी बाजूला सरकवली. होती. बारीक, पण होती. टक, टक, टक. चोवीस वर्षांचं हृदय आपलं काम इमानानं करत होतं, आणि त्याला हवा देणारं कुणी नव्हतं.

फुग्यासारखी रबरी पिशवी आणि मास्क असतो आमच्याकडे. डाव्या हातानं हनुवटी उचलून मास्क दाबला, उजव्या हातानं पिशवी. दाब, सोड. छाती वर आली. दाब, सोड. पाचेक सेकंदांनी एक. यंत्रावर आकडा परत आला, सत्तर, ऐंशी, नव्वद. मला रडू फुटत होतं आणि गाडीत रडायचं नाही हा नियम होता.

कशी कोण जाणे, त्या गर्दीतल्या चार-सहा भाविकांनी मोटारसायकली उचलून बाजूला ठेवल्या आणि गाडी निघाली. पण आता कारभारी उठून उभा राहिला. "ताई, पोरगं गेलं ना माझं? तुमीच म्हनल्या आत्ता."

"नाही गेला. मी चुकले."

"तो श्वास घेत न्हाई. तुमी हवा भरताय, म्या बघतोय की. माझा भाऊ नेला हुता नगरला, मेलेला. चिरफाड केली त्याची. दिवसभर आमी झाडाखाली बसलो. वळखू आला न्हाई मला." तो मधल्या काचेवर मूठ आपटायला लागला. "डायवर, गाडी फिरवा! हाय तसं पोरगं गावाला न्या. दिपालीच्या हाती तरी धड द्यावं!"

"गाडी माघारी फिरत न्हाई, दादा," चाचा म्हणाले, आणि लगेच, "पैलवान, पांढरीचा पूल बरं का. आता घाट."

घाट चढताना कारभारीनं मागच्या दाराच्या कडीला हात घातला. चालत्या गाडीत. माझा एक हात मास्कवर, एक पिशवीवर. सोडला तर मुलगा मरतो, नाही सोडला तर बाप पडतो. मी किंचाळले. गाडी थांबली, आणि मी बाहेर बघितलं तर तेच वळण होतं, चाचा गप्प होतात ते.

खरं सांगते, मला वाटलं आता हे गाडी फिरवणार. त्यांचा चेहरा तसा झाला होता.

मागचं दार उघडून ते आत चढले आणि कारभारीच्या समोर बसले. सायरन बंद केला होता. फक्त माझ्या पिशवीचा आवाज येत होता.

"दादा, माझा भाऊ हुता. परवेझ. एकोनीस वर्षांचा," ते म्हणाले. "दुकानात खाली झोपला. सकाळी पोटात दुखलं, डोळं मिटाया लागलं. म्या माझ्या काळ्या-पिवळ्या जीपमधी घातला. हितं, ह्या वळनाला, त्याचा श्वास थांबला. जीपमधली शहानी मानसं म्हनली, गेला, आता नगरला नेला तर फाडत्यात, दफन उद्यावर जाईल. म्या जीप फिरवली. त्याच दिशी दुपारच्याला, असरच्या नमाजानंतर, मातीपन दिली." त्यांनी एकदा तोंडावरून हात फिरवला. "पंधरा वर्षांनी ह्या नोकरीत घेतलं तवा ट्रेनिंगला डॉक्टरनं सांगितलं, मन्यार चावलेला मेल्यागत दिसतो. हवा देत ऱ्हा, विष उतरतं, मानूस उठतो. म्या त्या दिवशी जेवलो न्हाई. दादा, जीप म्या चालवत हुतो. दुसऱ्या कुनी न्हाई फिरवली."

मग त्यांनी कारभारीचा हात धरला, कोयत्यानं दगड झालेला हात, आणि अमृतच्या गळ्यावर नेऊन ठेवला. "हे काय लागतंय?"

कारभारीची बोटं तिथं राहिली. बराच वेळ.

"ताईचा हात भरलाय," चाचा म्हणाले. "पिशवी तुमी दाबा. तुमचं पोरगं हाय."

तिथून नगरपर्यंत मी मास्क दोन्ही हातांनी धरला आणि अमृतचा श्वास त्याच्या बापानं घेतला. चाचा पुढून लय देत होते. "दाबा, जेऊर आलं. सोडा. दाबा. पैलवान, आता शेंडी. बाप दाबतोय तुझा. सोडा." कारभारी घामानं भिजला होता. एकदाही थांबला नाही. मी अमृतच्या निश्चल चेहऱ्याकडे बघत होते आणि मनात एकच भीती होती की ती गळ्यातली टकटक थांबली तर या बापाला मी पुन्हा काय सांगणार. नगरला व्हेंटिलेटरवर घेतला तेव्हा कारभारीची बोटं पिशवीवरून सोडवावी लागली.

सहाव्या दिवशी दुसऱ्या पेशंटला घेऊन आम्ही तिथंच गेलो होतो. कारभारी व्हरांड्यातून पळत आला आणि चाचांच्या पाया पडायला लागला. चाचा मागे सरले, "आरं आरं, असं न्हाई करायचं." अमृतच्या घशातली नळी आदल्या दिवशी काढली होती. तो उशीला टेकून बसला होता, शेजारी दिपाली त्याला चमच्यानं पेज भरवत होती. आम्हाला त्यानं ओळखलं नाही. चाचा म्हणाले, "कसा हायेस, पैलवान?"

आवाज ऐकला मात्र, अमृतचा चेहरा बदलला. तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "तेलाची दुकानं. घोडेगाव. पांढरीचा पूल. घाट. जेऊर. शेंडी." एकही गाव चुकलं नाही.

दिपाली हसली, मी हसले, माझा जीव भांड्यात पडला. आणि मी, तोंडाळ ती तोंडाळच, विचारलं, "तुला ऐकू येत होतं?"

"सगळं," तो म्हणाला. मग माझ्याकडे नीट बघितलं. "तुमी 'संपलं' म्हनल्या ना, ताई, तवा म्या वरडत हुतो. लई वरडलो. तोंडच हालंना. मला वाटलं, आता हे मला जित्ता जाळत्यात." बापाकडे त्यानं बघितलं नाही. "आन् मग आबा म्हनले, गाडी फिरवा."

कारभारी खाली फरशीकडे बघत उभा राहिला. दिपालीनं चमचा वाटीत ठेवला. मी अमृतची माफी मागितली, दोनदा मागितली, तो हो हो म्हणाला, पण त्यानं काही झालं नाही. त्या दिवसापासून मीही गाडीत बेशुद्ध माणसाला रस्ता सांगते, आणि तो शब्द माझ्या तोंडातून पुन्हा आलेला नाही.

चाचा कधी बाहेर गेले मला कळलं नाही. गाडीत जाऊन बसले होते. परतताना शेंडी गेली, जेऊर गेलं, ते एक अक्षर बोलले नाहीत. घाटातल्या त्या वळणावर त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"ट्रेनिंगला डॉक्टर म्हनले हुते, ऐकू येतं म्हनून," ते म्हणाले. "पर म्या मनाशी म्हनायचो, डॉक्टरला काय म्हाईत, तो कुठं मेला हुता. आज ह्या पोरानंच सांगितलं."

मी पाण्याची बाटली त्यांच्याकडे सरकवली.

"ताई, खरं सांगा. हवा दिली न्हाई तर किती येळ ऐकू येत आसंल?"

खोटं बोलायचा विचार माझ्या मनात आला. पण नऊ वर्षं डॉक्टरांबरोबर काढलेल्या माणसाशी काय खोटं बोलणार? "दोन मिनिटं," मी म्हणाले. "फार तर तीन."

त्यांनी मान हलवली. दोन्ही हात स्टेअरिंगवर तसेच होते.

"म्या त्याचा हात धरून म्हनलो हुतो, 'चल रे परवेझ, घरकू जाते,'" ते म्हणाले. "रस्ता तवा अरुंद हुता, ताई. जीप मागं-फुडं करून फिरवायला तेवढा येळ लागलाच."